भुवयांचा टॅटू काढून टाकायचाय. कोणी काढलाय का?

सोनटक्का | १४ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय थोडा लाजिरवाणा आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

तीन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाआधी मी भुवयांचं मायक्रोब्लेडिंग (हातातल्या बारीक ब्लेडने केसांसारख्या रेघा कोरून त्यांत शाई भरतात ते) करून घेतलं. वय तेव्हा ४१. भुवया मुळातच विरळ, त्यात कॉलेजात असताना दोऱ्याइतक्या बारीक कोरायची फॅशन होती, ती मी अगदी निष्ठेने पाळली. मग त्या पुन्हा धड आल्याच नाहीत. पार्लरच्या मॅडम म्हणाल्या, "रोज पेन्सिल फिरवण्यापेक्षा एकदाच करून टाका, वर्षा-दीड वर्षात आपोआप फिकं होतं." पहिले आठ महिने खरंच छान दिसलं. नंतर एका बाजूचं उडालं म्हणून टच-अपला गेले. त्या दिवशी मॅडम नव्हत्या, नवीन मुलगी होती. तिने ब्लेड बाजूला ठेवून मशीन घेतलं आणि "जास्त टिकेल काकू" म्हणत दोन्ही भुवया भरून टाकल्या.

टिकलं. शब्दाला जागली पोरगी.

आजची परिस्थिती: डावी भुवई निळसर करडी, उजवीचं शेपूट नारिंगी. आणि दोन्ही माझ्या मूळ भुवयांपेक्षा अर्धं बोट वर. त्यामुळे खरे केस टॅटूच्या खाली उगवतात. दर पंधरा दिवसांनी मी माझ्या खऱ्या भुवया उपटते आणि खोट्या सांभाळते. बँकेत काउंटरला बसते मी. गेल्या आठवड्यात एका आजोबांनी पासबुक पुढे केलं आणि म्हणाले, "मॅडम, रागावू नका, फक्त एंट्री मारून द्या." मी रागावले नव्हते हो. मला भूक लागली होती.

पार्लरवाले म्हणतात वरून स्किन कलर भरतो, झाकून जाईल. मैत्रीण म्हणते लेझर कर. लेझरने खरंच जातं का? भुवयांचे केस जळतात का? डोळ्याच्या इतक्या जवळ म्हणजे धोका किती? खर्च? नाशिकला असते, मुंबई-पुण्याला यायची तयारी आहे.

६.०४ ची बदलापूर | १४ जून, रात्री ११:४१

"मला भूक लागली होती" 😂 उभ्या उभ्या हसले, शेजारची बाई बघतेय.
बाकी अनुभव नाही. वाचतेय.

पंतांचा वाडा | १५ जून, सकाळी ६:१०

देवाने दिलेलं रूप नको, ते झाकायला शाई नको, शाई काढायला लेझर नको. आमच्या आयांनी कधी भुवयांना हात लावला नाही, त्यांच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

निशिगंध | १५ जून, सकाळी ९:०२

@पंतांचा वाडा, काका, तुमच्या गेट-टुगेदरच्या फोटोतल्या मिशा देवाने त्याच रंगात दिल्यात का? की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी देतो?

पंतांचा वाडा | १५ जून, सकाळी ९:१५

मिशांचा रंग धुतला की जातो. मुद्दा तोच आहे.

निशिगंध | १५ जून, सकाळी ९:१८

हे मात्र खरं बोललात. 🙏

रानवाटा | १५ जून, सकाळी १०:३०

सोनटक्का ताई, आमच्या गावाकडे तीळ नाहीतर नको असलेलं गोंदण काढायला चुना आणि पापडखार एकत्र करून लावतात. स्वस्तात काम. कोणी केलंय का असं?

आजीचा बटवा | १५ जून, सकाळी १०:५२

रानवाटा, केलंय. माझ्या दिराने केलंय, म्हणून आयडी आजीचा बटवा असूनही ओरडून सांगते: नको.

त्याच्या दंडावर एका मुलीचं नाव होतं. लग्न ठरलं दुसरीशी. (पुढचं विचारू नका, दोघीही इथे असतील.) कोणीतरी सांगितलं म्हणून चुना-पापडखाराचा लेप काडीने एकेका अक्षरावर लावला. रात्रभर चरचरलं, फुंकर मारत बसला होता. सकाळी काळी खपली. ती पडली तेव्हा खाली लालबुंद खड्डा, आणि तो भरून आला तेव्हा नावाच्या जागी फुगीर, चकचकीत व्रण. अक्षरं सात होती, व्रणही सातच. आता आंधळ्यालासुद्धा बोटाने वाचता येईल. बिब्ब्याचंही तेच. आमच्या शेजारी एकीने बिब्बा लावला होता, तोंड सुजून डोळे मिटले होते तिचे.
हे चेहऱ्यावर? डोळ्यावर ओघळलं तर?

रानवाटा | १५ जून, सकाळी १०:५५

बापरे. मी फक्त विचारलं हो. शब्द मागे.

चहाबाज | १५ जून, दुपारी १२:१०

नुसतं थांबा की. मायक्रोब्लेडिंग एक ते तीन वर्षांत फिकं होतंच. माझ्या बायकोचं झालं.

कातडीवाला | १५ जून, रात्री १०:४०

त्वचेचा डॉक्टर आहे, म्हणून जरा सविस्तर. इथे बसून उपचार सांगत नाही, भानगड काय आहे ते समजावतो.

चहाबाज, तुमच्या सौभाग्यवतींचं फिकं झालं कारण ते हाताच्या ब्लेडने, वरवर झालं असणार. सोनटक्का यांचं दुसऱ्या वेळी मशीनने झालंय आणि बहुधा खोल गेलंय. त्वचेच्या खालच्या थरात शाई गेली की तिथल्या पेशी ती गिळून बसतात. या पेशी अमर नसतात, पण २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की एक पेशी मेली की सुटलेली शाई शेजारची नवी पेशी पुन्हा गिळते. वाड्यातली खोली एका भाडेकरूने सोडली की दुसरा हजर, तसं. म्हणून वरून घासून, सोलून, लिंबू चोळून ती जात नाही.

रंग का बदलला? काळ्या शाईत बहुतेक वेळा कार्बन असतो. त्वचेच्या खालून बघितलं की काळं निळसर दिसतं, हातावरच्या शिरा निळ्या दिसतात त्याच चालीवर. तपकिरी रंग मात्र अनेकदा मिश्रण असतो: थोडं काळं, थोडं पिवळं, थोडं लाल. त्यातले लाल-नारिंगी हे आयर्न ऑक्साइड, म्हणजे सरळ भाषेत गंज. बाकीचे रंग उडतात, गंज राहतो. तुमच्या उजव्या शेपटाचं नारिंगी त्यातलंच दिसतंय.

लेझर शाईच्या कणांना फोडतो. अगदी कमी वेळ, सेकंदाचा अब्जावा भाग म्हणा, प्रचंड ऊर्जा देतो. आजूबाजूची कातडी तापायच्या आत कण फुटतो. हा विचार १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडला, आजचे सगळे टॅटूचे लेझर त्यावर उभे आहेत. चुरा मग शरीर हळूहळू वाहून नेतं, म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे सोडायचे. कोणी "पंधरा दिवसांनी या, लवकर उरकू" म्हणालं तर उठून या. लेझरचं काम मिनिटभराचं, तुमच्या शरीराचं काम दोन महिन्यांचं.

काळ्या-निळ्याला १०६४ नॅनोमीटरची तरंगलांबी चालते, आणि आपल्या सावळ्या कातडीला ती त्यातल्या त्यात मानवते. लाल-नारिंगीला ५३२ लागते, पण ती आपल्या स्वतःच्या रंगद्रव्यातही शोषली जाते, त्यामुळे काळे किंवा पांढरे डाग पडायची भीती जास्त. तिथे हात आखडूनच काम करावं लागतं. चेहऱ्याला रक्तपुरवठा चांगला असतो, म्हणून पायापेक्षा इथे लवकर जातं. तरी तीन ते सहा सिटिंग मनात धरून ठेवा, जास्तही लागू शकतात.

केस: भाजून काही गळतात, बहुतेक परत येतात. काही पांढरे होऊन येऊ शकतात. डोळे: लेझर चालू असताना संरक्षण हवंच, आणि नुसता टॉवेल नाही. पापणीच्या कडेजवळ काम असेल तर डोळ्यात सुन्न करणारे थेंब घालून धातूची ढाल बसवतात. हे सगळं एमडी किंवा डिप्लोमा झालेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे करा. पार्लरमध्ये "आमच्याकडे पण लेझर आहे" म्हणतील. बंदूक आमच्या शेजाऱ्याकडेही आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. स्किन कलर भरून घेऊ नका. त्या रंगात पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड असतं, सोबत आयर्न ऑक्साइड. लेझर पडला की हे रंग जागच्या जागी काळे पडू शकतात. लाल गंजाचा काळा गंज होतो, तसलाच प्रकार. मग नारिंगी भुवईची काळी पट्टी, आणि ती निघायला आणखी सिटिंग. म्हणून कुठलाही शहाणा डॉक्टर आधी टोकाला एका ठिपक्यावर चाचणी करतो आणि काही आठवडे वाट बघतो.

सोनटक्का | १५ जून, रात्री ११:०५

डॉक्टर, एक सांगायचं राहिलं.

ते स्किन कलर... मी उजव्या शेपटाला आधीच भरून घेतलंय. गेल्या दिवाळीत. मोफत करून दिलं म्हणून. नारिंगी आधी तितकं नव्हतं, त्यानंतर जास्त वाटायला लागलं. मूळ पोस्टमध्ये लिहायची लाज वाटली.

कातडीवाला | १५ जून, रात्री ११:१२

हे तुमच्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा, खर्च विचारायच्याही आधी. आणि नागीण, केलॉइड (जखमेपेक्षा मोठा वाढणारा फुगीर व्रण), मुरुमांच्या गोळ्या यांतलं काही असेल तर तेही सांगा. लाजेने फार लोकांचं नुकसान झालेलं बघितलंय.

इस्लामपूरचा गूळ | १६ जून, सकाळी ८:२५

अवांतर: माझ्या पुतण्याने सैन्यभरतीसाठी मानेवरचा विंचू काढला. सैन्यात टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला असेल तरच चालतो म्हणे. याचा विंचू नेमका मानेवर. पाच सिटिंग झाल्या, नांगी अजून दिसते. भरतीचं वय निघून चाललंय आणि नांगी काही निघत नाही.

म्हापशेकार | १६ जून, सकाळी ९:४४

आमच्याकडे किनाऱ्यावर येऊन दोन फेण्यांनंतर टॅटू करून घेणारे रोज दिसतात. सकाळी तेच लोक विचारत फिरतात, हे पुसायचं दुकान कुठे आहे.

पिंपळपान | १६ जून, सकाळी ११:००

इथे सगळे "काढा काढा" म्हणतायत म्हणून दुसरी बाजू.

मला स्तनाचा कर्करोग झाला होता. परळला टाटाला उपचार चालू होते. डोक्यावरचे केस जाणार हे मनाशी पक्कं केलं होतं, स्कार्फ घेऊन ठेवले होते, रंग जुळवून. पण भुवया जातात हे डोक्यातच आलं नव्हतं. एके दिवशी तोंड धुऊन आरशात बघितलं तर चेहऱ्यावर काहीच नव्हतं. केस नसणं सहन झालं, भुवया नसणं नाही झालं. भुवया गेल्या की माणूस आजारी दिसतो, नुसता टकला नाही. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. ती म्हणाली, आई तू पुसल्यासारखी दिसतेस.

उपचार संपून रक्ताचे आकडे ताळ्यावर आल्यावर, डॉक्टरांची परवानगी घेऊन मी भुवया टॅटू करून घेतल्या. केमो चालू असताना करायचं नसतं, जंतुसंसर्गाची भीती असते. करायचं तर सुरू होण्याच्या बरंच आधी किंवा संपल्यावर. आज सहा वर्षं झाली, रंग थोडा करडा झालाय. मला तो पुसायचा नाही. एवढंच.

निशिगंध | १६ जून, सकाळी ११:०६

❤️

सोनटक्का | १६ जून, दुपारी १:३०

पिंपळपान, "पुसल्यासारखी" हा शब्द दुपारभर डोक्यात फिरतोय. माझं दुःख एकदम लहान झालं.

पिंपळपान | १६ जून, दुपारी १:४८

अगं, माझं मोठं म्हणून तुझं लहान होत नाही. तू काढच.

पंतांचा वाडा | १६ जून, दुपारी ३:२०

मी काल सकाळी जे लिहिलं ते सरसकट लिहायला नको होतं.

वकीलसाहेब फक्त नावाला | १६ जून, संध्याकाळी ६:१५

कोणी पैशांचं बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. ज्याने बिघडवलं त्याने भरपाई द्यायला नको? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात तक्रार करता येते. सेवेसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्क शून्य. वकील लागतोच असं नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघा. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून.

सोनटक्का | १६ जून, संध्याकाळी ७:००

बिलच नाही हो. यूपीआयने दिले होते आणि व्हॉट्सॲपवर "मॅम युवर ब्रो लुक्स सो नॅचरल" असा मेसेज आहे.

वकीलसाहेब फक्त नावाला | १६ जून, संध्याकाळी ७:११

दोन्ही जपून ठेवा. आधीचे-नंतरचे फोटो तारखांसकट. डॉक्टरकडून लेखी मत घ्या. दिवाळीतलं स्किन कलरचं काम मुदतीत बसतं.

चहाबाज | १६ जून, संध्याकाळी ७:१५

पण मुदत टॅटू केला तेव्हापासून की बिघडलंय हे कळलं तेव्हापासून?

वकीलसाहेब फक्त नावाला | १६ जून, संध्याकाळी ७:१९

यावरच तर आमची घरं चालतात.

चुंबक | १७ जून, सकाळी ७:५०

मी एमआरआय विभागात तंत्रज्ञ आहे. आमच्या फॉर्मवर टॅटूचा प्रश्न असतो आणि तिथे भुवयांचा टॅटू असलेल्या बायका हमखास "नाही" लिहितात, कारण त्यांच्या डोक्यात टॅटू म्हणजे दंडावरचा वाघ. रंगात लोखंडाचा अंश असला तर क्वचित चटका बसल्यासारखं किंवा ओढल्यासारखं वाटतं. आम्ही थंड पट्टी ठेवतो, रुग्णाला सांगून ठेवतो, त्रास झाला की थांबतो. टॅटू आहे म्हणून एमआरआय टाळू नका. फक्त सांगा.

अंजनी | १७ जून, सकाळी १०:२०

माझी आजी वारली तेव्हा ९० च्या पुढे होती. कपाळावर दोन भुवयांच्या मधे हिरवट-निळं गोंदण, हनुवटीवर तीन ठिपके, हातावर तुळस. ती सांगायची, काजळी घेऊन गोंदणारी बाई यायची, सुया एकत्र बांधलेल्या, चार जणी हात-पाय धरायच्या. "मेल्यावर सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगती येतं," हे तिचं ठरलेलं वाक्य. कार्बन आणि निळसर रंगाबद्दल डॉक्टरांनी लिहिलंय ते वाचून तिचं कपाळ डोळ्यासमोर आलं. तिने ते कधी काढायचं म्हटलं नसतं. पण तिला निवडायलाही कोणी सांगितलं नव्हतं, हेही आहेच.

रानवाटा | १७ जून, सकाळी १०:३१

माझ्या आईचं पण सेम. आणि ती म्हणते लई दुखलं होतं, आता कोण काढतंय.

थोडं तिखट | १७ जून, दुपारी १२:००

ताई, लेझर होईपर्यंत कामचलाऊ उपाय. निळ्या भुवईवर आधी नारिंगी-पीच रंगाचा करेक्टर अगदी पातळ थापायचा, मग तुमच्या रंगाचा फाउंडेशन. नारिंगी शेपटावर उलट, निळसर छटेचा. पावडर मारून बसवायचं. आणि जाड वरच्या काडीचा चष्मा घ्या, नंबर असो-नसो. अर्धी भुवई त्यातच जाते. केस कापताना पुढे बट ठेवायला सांगा.

आणखी एक: भुवयांचं बाहेरचं टोकच विरळ असेल तर थायरॉईड तपासा. माझं तसंच निघालं. मी वर्षभर पेन्सिल बदलत होते.

कातडीवाला | १७ जून, रात्री ९:३०

तिखट यांच्या शेवटच्या ओळीला सहमत. केस का गेले हे न बघता त्या जागी शाई भरणं म्हणजे गळतं छत न बघता भिंत रंगवणं. चाई असेल तर केस गळलेला गोल चट्टा दिसतो, तो वेगळा आजार आहे.

६.०४ ची बदलापूर | १८ जून, सकाळी ५:५८

मीठ-पाण्याने काढतात ते कसं असतं? इन्स्टावर सारखं येतंय.

कातडीवाला | १८ जून, सकाळी ७:१०

पुन्हा सुयांनी टोचून खारं द्रावण आत घालतात, खपली धरते, खपलीसोबत थोडी शाई बाहेर येते. ताज्या, उथळ कामाला काही जण करतात. खोल गेलेल्याला फारसं नाही. आणि पुन्हा टोचणं म्हणजे पुन्हा व्रणाची शक्यता. सुया निर्जंतुक नसतील तर हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही हे सगळे पाहुणे रांगेत आहेतच.

---

सोनटक्का | २१ जुलै, रात्री १०:१५

धागा वर काढते. अपडेट.

नाशिकमध्येच एक त्वचारोगतज्ज्ञ बाई मिळाल्या. पहिल्या वाक्यात स्किन कलरचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला आणि विचारलं, "आधी का नाही आलात?" रागावल्या नव्हत्या, पण त्यांच्या भुवया मात्र खऱ्या होत्या.

उजव्या शेपटाच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा एकच ठिपका केला. तिथला रंग माझ्या डोळ्यासमोर, आरसा हातात असतानाच, राखाडी-काळा झाला. आधी जळलं असं वाटून पोटात गोळा आला. त्या म्हणाल्या, नाही, कातडी ठीक आहे, रंग फिरलाय. म्हणजे डॉ. कातडीवाला सांगत होते तेच. आता पूर्ण शेपूट एकदम मारायचं नाही, तुकड्या-तुकड्याने काळं करायचं आणि मग काळ्याला काळ्याच्या लेझरने फोडायचं, असं ठरलंय. पार्लरला फोन केला. ते म्हणाले, तुमची स्किनच तशी असेल.

कातडीवाला | २१ जुलै, रात्री १०:३३

ठिपका ज्वारीएवढा होता म्हणून देवाचे आभार माना. पूर्ण भुवई काळी करून माझ्याकडे आलेल्या आहेत.

सोनटक्का | ३० सप्टेंबर, रात्री ९:५०

दोन सिटिंग झाल्या. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवते, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

सुन्न करणारं क्रीम लावून वर पातळ प्लास्टिक चिकटवतात, पाऊण तास. तोवर मी बाहेर बसून तोच दिवाळी अंक तिसऱ्यांदा वाचला. डोळ्यांत थेंब घालून ढाली बसवल्या. दुखत नाही, पण डोळा आपला नाही असं वाटतं. मग सुरू. आवाज चट् चट् चट्, चुलीतल्या ओल्या लाकडासारखा. प्रत्येक चट् ला कढईतलं तेल उडावं तसा चटका. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा नाही. आणि वास. केस जळाल्याचा. स्वतःच्या कपाळावरून आलेला तो वास मी विसरणार नाही.

उठून बघितलं तर भुवया पांढऱ्याशुभ्र! पीठ चोपडल्यासारख्या. मी घाबरले, तर नर्स म्हणाली, वीस मिनिटं थांबा, गॅसचे बुडबुडे आहेत, उतरतात. उतरले. दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर सूज, तिसऱ्या दिवशी खपल्या. मलम आणि सनस्क्रीन, खपली ओढायची नाही. आठव्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "तू केस कापलेस का?" एवढंच त्याला दिसलं.

एका सिटिंगचे साडेतीन हजार. विमा अर्थातच देत नाही. टॅटू आणि टच-अप मिळून मी बारा हजार दिले होते. घालायचे बारा आणि काढायचे कुठवर जाणार बघू.

इस्लामपूरचा गूळ | १ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

पुतण्याची नांगी गेली एकदाची. पण भरती हुकली. आता पोलीस भरतीचा अभ्यास करतोय.

वकीलसाहेब फक्त नावाला | १ ऑक्टोबर, दुपारी २:४०

तक्रारीचं काय केलंत?

सोनटक्का | १ ऑक्टोबर, रात्री ८:१५

नोटीस पाठवली. त्यांनी "सद्भावनेने" एक फेशियल मोफत देऊ केलंय.

वकीलसाहेब फक्त नावाला | १ ऑक्टोबर, रात्री ८:१७

ते पत्र फ्रेम करू नका, जोडपत्र म्हणून लावा.

---

सोनटक्का | १९ जानेवारी, रात्री १०:०५

चार सिटिंग झाल्या. डावी जवळजवळ गेली, उन्हात तिरकं धरलं तरच दिसते. उजव्या शेपटाचं काळं आता पुसलेल्या पाटीवर राहतं तेवढं आहे, आणखी एक सिटिंग लागेल, मार्चच्या उन्हाआधी उरकायचीय. टोकाला एक बारीक पांढरट ठिपका पडलाय, तो कदाचित राहील असं डॉक्टर म्हणाल्या. खरे केस आपापल्या जागी उगवलेत. उपटायचं बंद केलं तर बरेच आहेत. त्यांत सात पांढरे आहेत, मोजले. थायरॉईडही तपासलं (तिखट, थँक्यू), नॉर्मल आहे.

ते पासबुकवाले आजोबा सोमवारी पुन्हा आले होते. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, बरं नाही का? चेहरा उतरलाय."

६.०४ ची बदलापूर | १९ जानेवारी, रात्री १०:२२

😂😂 आजोबांना या धाग्याची लिंक द्या कोणीतरी.

पंतांचा वाडा | २० जानेवारी, सकाळी ६:१५

अभिनंदन. मी पण मिशांचा रंग बंद केला आहे. सौ. ना आवडलेलं नाही.

लाजाळू_२२ | २० जानेवारी, सकाळी ११:४०

नवीन सदस्य आहे. पूर्ण धागा वाचला नाही, सॉरी. मला ओठांचा टॅटू करायचाय, फिकट गुलाबी. नाशिकमध्ये कुठलं पार्लर चांगलं आहे?

आजीचा बटवा | २० जानेवारी, सकाळी ११:४१

बाळा, पूर्ण धागा वाच.

कातडीवाला | २० जानेवारी, दुपारी १:१०

आणि फिकट गुलाबी कशाने होतो ते १५ जूनच्या पोस्टमध्ये आहे. शेवटचा परिच्छेद.

थोडं तिखट | २० जानेवारी, रात्री ९:००

सोनटक्का, पांढऱ्या सातांचं काय करतेस? आणि मधल्या विरळ जागेचं?

सोनटक्का | २० जानेवारी, रात्री ९:२६

पेन्सिल. कोपऱ्यावरच्या बांगड्यांच्या दुकानातली, ९५ रुपयांची, गडद तपकिरी. रात्री तोंड धुतलं की जाते.